खंगलेला कुत्रा अंग कसे धरतो

दत्तक घेतलेला कुत्रा बारीक दिसतो तो साधारण तीन कारणांनी. त्याला पुरेसे खायला मिळालेले नसते, मिळालेले अंगी लागत नसते, किंवा तो मुळातच सडपातळ जातीचा असतो. पहिल्या प्रकारात अन्न हाच उपाय, दुसऱ्यात आधी औषध, आणि तिसऱ्यात काहीच करायचे नसते. बहुतेक घरांत मात्र तिघांच्याही वाट्याला एकच उपचार येतो: भांडे भरून दूध-पोळी आणि वर तुपाची धार. यामागे माया असते, पण बरेच दिवस उपाशी राहिलेल्या कुत्र्याच्या ती जिवावर बेतू शकते. वजन वाढवायचे तर आधी कारण शोधावे लागते, मग मोजून खायला घालावे लागते आणि योग्य जागी थांबावेही लागते.

बारीक म्हणजे किती बारीक

वजनाचा नुसता आकडा फारसे काही सांगत नाही. गावठी कुत्र्याचे योग्य वजन कुठल्या तक्त्यात सापडत नाही, कारण एकाच गल्लीतल्या दोन कुत्र्यांच्या हाडापेरात बराच फरक असतो. म्हणून पशुवैद्य अंगकाठीला १ ते ९ असे गुण देतात. १ म्हणजे निव्वळ हाडांचा सापळा, ९ म्हणजे अतिलठ्ठ, आणि ४ किंवा ५ म्हणजे योग्य. ३ गुणांच्या कुत्र्याच्या बरगड्या हाताला सहज लागतात, काही दिसतातही. २ गुणांवर बरगड्या, पाठीचा कणा आणि कमरेची हाडे स्पष्ट उठून दिसतात. १ वर तीच हाडे लांबूनही ओळखू येतात आणि मांसही झडलेले असते. ५ पासून खाली उतरणारा प्रत्येक गुण म्हणजे वजनात साधारण दहा टक्क्यांची तूट, असा ढोबळ हिशेब आहे.

ही परीक्षा घरीही करता येते. एका हाताची मूठ वळून तिच्या उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताची बोटे फिरवावीत. कुत्र्याच्या बरगड्या तशा लागल्या तर तो बारीक आहे. मूठ उघडून पंजा सरळ ठेवावा आणि पंजाच्या पाठीवरून बोटे फिरवावीत. बरगड्या तशा लागल्या, म्हणजे दिसत नाहीत पण हलक्या दाबाने मोजता येतात, तर अंगकाठी ठीक आहे. केसाळ कुत्र्यात डोळ्यांवर विसंबू नये, कारण दाट केसांखाली उपासमार सहज लपते. जंत झालेल्या पिल्लाचे पोट फुगलेले असते आणि ते गुटगुटीत वाटते. पाठीवरून हात फिरवल्यावर खरा प्रकार कळतो.

चरबीइतकेच स्नायूंकडेही पाहावे लागते. कानशिलावर पडलेले खळगे, खांद्याच्या फऱ्याची उठून दिसणारी कड आणि कण्याच्या दोन्ही बाजूंची खोलगट जागा ही स्नायू झिजल्याची चिन्हे आहेत. याउलट कारवान किंवा मुधोळ हाउंड, ग्रेहाउंड या धावणाऱ्या शिकारी जातींच्या धडधाकट कुत्र्यांच्याही शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात आणि पोट आत ओढलेले असते. मांड्या भरदार असतील, केसांना चमक असेल आणि चालण्यात जोर असेल, तर अशा कुत्र्याला जाड करण्याच्या फंदात पडू नये.

उपाशी शरीरात काय घडते

अन्न बंद झाले की यकृतातला साखरेचा साठा एक-दोन दिवसांत संपतो. मग शरीर मुख्यतः चरबीवर चालते आणि ती सरत आली की स्नायू झपाट्याने झिजू लागतात. आतड्यांचे अस्तर पातळ होते, पाचकरस कमी होतात, इन्सुलिनची पातळी खाली येते. फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांचा पेशींमधला साठा रिता होत जातो. रक्ततपासणीत मात्र त्यांचे आकडे बरेचदा ठीकठाक दिसतात आणि तिथेच फसगत होते.

अशा कुत्र्यापुढे एकदम भरपूर भात, पोळी, गूळ किंवा ग्लुकोजचे पाणी आले की इन्सुलिन उसळी घेते. साखर पेशींत शिरते आणि तिच्याबरोबर हे क्षारही रक्तातून पेशींत ओढले जातात. रक्तातला फॉस्फरस घसरला की तांबड्या पेशी फुटू लागतात आणि श्वासाचे स्नायू दुबळे पडतात. पोटॅशियम घसरले की हृदयाचे ठोके बिघडतात. ब१ जीवनसत्त्वाचा उरलासुरला साठा संपला तर मेंदूवर परिणाम होतो. या प्रकाराला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. माणसांमध्ये तो ठळकपणे लक्षात आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, जेव्हा सुटका झालेले उपाशी युद्धकैदी पोटभर जेवण मिळाल्यावर आजारी पडले आणि त्यांतले काही दगावले.

हा धोका प्रत्येक बारीक कुत्र्याला नसतो. अंगकाठीला १ किंवा २ गुण असलेला, अनेक दिवस अन्नाविना कोंडला गेलेला किंवा आजारपणात खाणे पूर्ण सोडलेला कुत्रा यात येतो. पहिले काही दिवस सर्वांत नाजूक असतात. अन्न सुरू केल्यावर अशक्तपणा वाढणे, झोकांड्या जाणे, थरथर, झटके, धाप, पायांवर सूज किंवा चहाच्या रंगाची लघवी यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता कुत्र्याला दवाखान्यात न्यावे.

आधी कारण शोधावे

कुत्रा घरी आणल्यापासून एक-दोन दिवसांत त्याला पशुवैद्याला दाखवावे; तो मलूल असेल तर त्याच दिवशी. एक प्रश्न तिथे हमखास विचारला जातो: भूक आहे का? खूप खाऊनही न भरणारा कुत्रा आणि खाण्याकडे पाठ फिरवणारा कुत्रा यांच्या आजारांची यादी वेगळी असते.

खाऊनही अंगी लागत नसेल तर पहिला संशय जंतांवर जातो. आकडेकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात. त्याने हिरड्या पांढुरक्या पडतात आणि शी काळसर, चिकट होते. गोलकृमी पिल्लांना आईकडून गर्भातच मिळतात. पट्टकृमी पिसवांमार्फत येतात आणि त्यांचे तुकडे तांदळाच्या दाण्यांसारखे शेपटीखाली चिकटलेले दिसतात. जंतांची अंडी रोज पडतातच असे नाही, त्यामुळे शीची तपासणी एकदा निर्दोष आली तरी ती पुन्हा करावी लागते. जियार्डिया या सूक्ष्म परजीवीने होणारे चिवट जुलाबही याच तपासणीत कळतात. शी ढीगभर, फिकट आणि तेलकट असेल तर स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडत असण्याची शक्यता असते. जर्मन शेफर्डमध्ये हा दोष अधिक आढळतो. अशा कुत्र्याला अन्नातून पाचकरसांची पूड दिली नाही तर कितीही खाऊन तो बारीकच राहतो. भरपूर खाणे, भरपूर पाणी पिणे आणि तरीही वजन उतरणे हे मधुमेहाचेही लक्षण आहे.

खाणे कमी झाले असेल तर तोंड उघडून पाहावे. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या किंवा दाढांत अडकलेला हाडाचा तुकडा यांमुळे कुत्रा भुकेला असूनही भांड्यापासून मागे सरतो. भारतात याच्या जोडीला गोचीडताप येतो. तपकिरी गोचीड आपल्याकडे वर्षभर सापडते आणि तिच्यामार्फत एर्लिकिया, बबेसिया आणि हेपॅटोझून हे रोगजंतू पसरतात. ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त आणि दिवसेंदिवस झडत जाणारे अंग ही जुनाट एर्लिकियाची ओळख. त्यावर साधारण चार आठवडे औषध चालते. कुत्रा आठवड्यात खेळू लागला म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत. वयस्क कुत्र्यात मूत्रपिंड, यकृत आणि गाठी यांचीही तपासणी होते.

शीची आणि रक्ताची तपासणी, प्लेटलेटची संख्या आणि गरज पडल्यास सोनोग्राफी एवढ्यावर बहुतेक वेळा निदान होते. महाराष्ट्रात परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर येथील शासकीय पशुवैद्यक महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही अशा तपासण्यांची सोय असते.

अंगात पाणी कमी आहे का, हे ओळखतानाही चूक होते. मानेची कातडी चिमटीत उचलून ती किती लवकर खाली बसते हे पाहण्याची पद्धत खंगलेल्या कुत्र्यात भरवशाची नसते, कारण कातडीची लवचिकताच गेलेली असते. हिरड्यांना बोट लावून त्या ओलसर आहेत की चिकट, हे पाहणे अधिक बरे.

जंतांचे औषध, गोचिडांचे औषध, लस आणि नसबंदी हे सगळे एकाच दिवशी उरकू नये. क्रम पशुवैद्य ठरवतात. नसबंदी कुत्रा सावरेपर्यंत थांबू शकते. रेबीजची लस फार काळ लांबवू नये.

पहिले चार दिवस

उपासमारीतून आलेल्या कुत्र्याच्या खाण्याचा हिशेब त्याच्या आजच्या वजनावरून करतात. किलोमधल्या वजनाला ३० ने गुणून त्यात ७० मिळवले की पडून राहिलेल्या शरीराला दिवसाला लागणाऱ्या कॅलरी साधारण मिळतात. २ ते ४५ किलोंच्या कुत्र्यांसाठी हे सूत्र चालते. १२ किलोंच्या कुत्र्याचा आकडा ४३० येतो. पहिल्या दिवशी याच्या पाव हिस्सा, म्हणजे सुमारे ११० कॅलरी. दुसऱ्या दिवशी निम्मे. तिसऱ्या दिवशी पाऊण. चौथ्या दिवशी पूर्ण ४३०. फार क्षीण कुत्र्यात हाच चढ आठवडा-दहा दिवसांवर पसरवतात आणि रक्तातील क्षार रोज तपासत राहतात. त्यासाठी त्याला दवाखान्यात ठेवावे लागते.

११० कॅलरी म्हणजे किती? बाजारात मिळणाऱ्या कोरड्या डॉग फूडच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात. त्यामुळे पहिल्या दिवसाचे सगळे जेवण ३० ग्रॅमच्या आसपास, एका मुठीत मावेल एवढेच होते. तेही कोमट पाण्यात भिजवून, चार ते सहा वेळांत विभागून द्यायचे. समोर बरगड्या दिसत असताना भांड्यात चार दाणे टाकणे घरच्यांना निष्ठुरपणाचे वाटते, आणि कोणीतरी हमखास मागच्या दाराने बिस्किटे देते. म्हणून पहिल्या दिवशीच घरातल्या सगळ्यांना, मोलकरणीला आणि वॉचमनलाही कारण समजावून सांगावे.

या दिवसांत पिष्टमय पदार्थ कमी आणि प्रथिने-स्निग्धांश पुरेसे असलेले अन्न चांगले, कारण त्याने इन्सुलिन कमी उसळते. पशुवैद्यांकडे आजारी कुत्र्यांसाठीचे डबाबंद मऊ खाद्य मिळते. ते न मिळाल्यास पिल्लांसाठीचे चांगले खाद्य भिजवून देता येते. नुसता भात किंवा पेज हे पोट बिघडल्यावरचे पथ्य आहे. उपाशी कुत्र्याचे पहिले जेवण म्हणून ते चुकीचे. पाणी मात्र सतत समोर असावे. अंगावर चरबी नसल्याने अशा कुत्र्याला थंडी लवकर बाधते. फरशीवर झोपवण्याऐवजी जाड गोधडी किंवा गोणपाट द्यावे आणि अंघोळीची घाई करू नये.

३ गुणांचा, खातापिता पण बारीक कुत्रा असेल तर इतकी तंतोतंत मोजणी लागत नाही. त्याला जे खायची सवय आहे त्यात नवे अन्न आठवडाभरात थोडे थोडे मिसळत जावे. एवढे जपले तरी जुलाब बरेच टळतात.

पुढचे आठवडे

पोट स्थिर झाले की हिशेब लक्ष्य वजनावर नेतात. १२ किलोंच्या त्याच कुत्र्याचे योग्य वजन पशुवैद्यांनी १६ किलो ठरवले, तर सूत्राने ५५० येतात. वजन वाढण्यासाठी त्याच्या दीडपटीच्या आसपास, म्हणजे सुमारे ७७० ते ८८० कॅलरी, हळूहळू वाढवत न्याव्यात. कोरड्या खाद्यात ते २१० ते २४० ग्रॅम होतात. दिवसाचे तीन-चार भाग करून दिल्यास एकाच वेळी पोटावर ताण येत नाही. आठवड्याला १५० ते ३०० ग्रॅम वाढ समाधानकारक मानावी. दोन आठवडे काटा हलला नाही तर अन्न दहा टक्क्यांनी वाढवावे, शी पातळ झाली तर एक पायरी मागे यावे. या गतीने चार किलो भरून यायला तीन ते सहा महिने लागतात.

वाढत्या वयाच्या पिल्लांसाठीचे खाद्य मोठ्या कुत्र्याचे वजन वाढवायलाही उपयोगी पडते. त्यात कॅलरी दाट असतात, प्रथिने भरपूर असतात आणि खनिजांचे प्रमाण मोजलेले असते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याला मात्र ते पशुवैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नये.

घरचे जेवण

मराठी घरांत कुत्र्याचे रोजचे जेवण म्हणजे दूध-भाकरी, दूध-पोळी किंवा भात. कुत्रा शिजवलेले पिष्ट पचवतो; माणसाच्या सोबतीत लांडग्यापासून वेगळे होताना त्याने ती क्षमता कमावली आहे. अडचण वेगळी आहे. या जेवणात प्रथिने थोडी असतात, आणि मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दुधातली साखर पचत नाही, त्यामुळे खाल्लेले जुलाबावाटे निघून जाते. दही त्या मानाने पचायला सोपे.

उकडलेले बिनहाडाचे चिकन, उकडलेली अंडी, मासळीचे काटे काढलेले तुकडे, थोडा मऊ भात किंवा नाचणी, लाल भोपळा आणि गाजर हे मिश्रण पोषक आहे. अंडे उकडूनच द्यावे, कारण कच्च्या पांढऱ्या बलकातले द्रव्य बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून धरते. शाकाहारी घरांत पनीर, दही, सोयाबीन आणि शिजवलेली डाळ यांवर प्रथिनांची भिस्त ठेवता येते. पण चिकन-भात असो की पनीर-भात, महिनोन्महिने तेवढ्यावर भागत नाही. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. कॅल्शियमची तूट पडली की शरीर ती हाडांतून भरून काढते. वाढत्या पिल्लाचे पाय वाकतात, साध्या उडीने हाड मोडते. जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांचीही उणीव राहते. म्हणून घरच्या जेवणाला पशुवैद्यांनी सांगितलेल्या प्रमाणात पूरक पावडर जोडावी, किंवा निम्म्याहून अधिक कॅलरी पूर्ण आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या खाद्यातून द्याव्यात. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. जास्त कॅल्शियम मोठ्या चणीच्या पिल्लांच्या हाडांना अपायच करते.

तूप, लोणी, तेल यांनी कॅलरी झटकन वाढतात, एका चमच्यामागे चाळीस-पंचेचाळीस. पण स्नायू प्रथिनांशिवाय बनत नाहीत आणि एकदम जास्त स्निग्ध पदार्थ पोटात गेल्यास स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मटणाची चरबी, तळणीतले उरलेले आणि चिकनची कातडी यांतूनही हाच धोका संभवतो.

काही पदार्थ थोडेसुद्धा देऊ नयेत. कांदा आणि लसूण तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात, त्यामुळे फोडणीचा रस्सा किंवा बिर्याणीचा भात कुत्र्यासाठी नाही. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका मूत्रपिंड निकामी करू शकतात. चॉकलेट विषारी आहे, तसेच बिनसाखरेच्या च्युइंगममधले झायलिटॉलही. शिजवलेल्या हाडांच्या कपच्या होऊन त्या घशात किंवा आतड्यात रुततात. भूक वाढवणारी टॉनिके आणि माणसांची वेदनाशामके सल्ल्याविना देणेही तितकेच घातक.

खाण्याची रीत

भुकेत दिवस काढलेला कुत्रा अन्न चावत नाही, गिळतो. ठसका, उलटी आणि पोटफुगी यांचे ते एक कारण असते. पसरट ताटात अन्न पातळ थरात मांडले किंवा खाचांचे भांडे वापरले तर वेग मंदावतो. जेवताना जवळ कोणी आले की काही कुत्रे गुरगुरतात. तो उद्धटपणा नसतो, अन्न हिरावले जाण्याची सवयीची भीती असते. त्याला एकांतात, ठरल्या वेळी जेवू द्यावे, भांड्यात हात घालून परीक्षा पाहू नये आणि लहान मुलांना दूर ठेवावे. घरात दुसरा कुत्रा असेल तर दोघांची भांडी वेगळ्या खोलीत असावीत.

याच्या उलट, नव्या घरात बावरलेला कुत्रा पहिले एक-दोन दिवस तोंडच लावत नाही. अन्न कोमट केले की वास उठतो आणि भूक चाळवते. घशात कोंबण्याने अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते आणि अन्नाची धास्तीही बसते. मोठ्या कुत्र्याने दोन दिवस आणि पिल्लाने काही तास काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्याकडे जावे. पिल्लांची रक्तशर्करा फार लवकर उतरते.

अंगावर चढणारे वजन मांसाचे व्हावे यासाठी हालचाल हवी. ताकद येऊ लागली की दिवसातून दोन-तीनदा दहा-दहा मिनिटे पट्टा लावून सावकाश चालणे पुरते. धावणे, जिने आणि उड्या नंतर. जंतांची लागण पुन्हा होऊ नये म्हणून शी रोज उचलावी. आकडेकृमी आणि गोलकृमी माणसांनाही बाधतात, त्यामुळे हात धुण्याची शिस्त घरातल्या मुलांना लावावी.

मोजमाप आणि थांबण्याची जागा

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी जेवणाआधी, त्याच काट्यावर घ्यावे. घरच्या काट्यावर कुत्र्याला कडेवर घेऊन उभे राहावे आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करावे. महिन्यातून दोनदा वरून आणि बाजूने फोटो काढावेत, कारण रोज पाहणाऱ्या डोळ्यांना बदल जाणवत नाही. केसांना चमक येणे, शी घट्ट होणे, कानशिलावरचे खळगे भरणे आणि खेळण्याची इच्छा होणे या खुणा काट्याइतक्याच बोलक्या असतात. नीट खाऊन, जंतांचे औषध घेऊनही महिन्याभरात फरक पडला नाही, तर कारण अजून सापडलेले नाही असे समजून तपासण्या पुन्हा कराव्यात.

अंगकाठीला ४ किंवा ५ गुण आले की वाढीव अन्न टप्प्याटप्प्याने कमी करावे. इथे पुष्कळ घरे चुकतात. एकेकाळी उपाशी होता म्हणून कुत्र्याला जन्मभर दुप्पट वाढत राहतात आणि दोन वर्षांत तो लठ्ठ होतो. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर, त्यांच्या जोड्या लावून, आयुष्यभर चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न मिळालेल्या सडसडीत कुत्र्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षे भरले. जास्त खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे. दत्तक कुत्र्याला भरभरून खाऊ घालण्यापेक्षा मोजून, वेळेवर आणि कायम खाऊ घालणे हेच त्याच्या हिताचे.